दुसरा ट्रे

जनावरांच्या त्या दवाखान्यात ‘आमच्या ताईंचा हात कधी चुकत नाही’ हे वाक्य डॉक्टरांनी इतक्या लोकांना ऐकवलं होतं, की पुढे पुढे ताईंनाही ते खरं वाटायला लागलं. माणूस बिघडवायचा असेल तर त्याला शिव्या देऊ नयेत, चारचौघांत त्याचं कौतुक करावं. शिव्या खाणारा निदान प्रत्येक गोष्ट दोनदा तपासून बघतो.

ताई तिथे एकोणीस वर्षं मदतनीस होत्या. डॉक्टर कुत्र्यामांजरांच्या कातडीचे. म्हणजे दिवसभर खाजवणारी जनावरं आणि त्यांच्यापायी झोप उडालेली माणसं. गोळ्या, मलमं, साबण सगळं करून थकलेल्या जनावराची ते शेवटी एक चाचणी करत. कुत्र्याला गुंगी देऊन आडवं करायचं, बरगड्यांवरचे वहीच्या पानाएवढे केस मशीनने काढायचे, उघड्या कातडीवर पेनाने ठिपक्यांच्या रांगा मांडायच्या आणि एकेका ठिपक्याशी एकेका वस्तूचा अर्क थेंबभर टोचायचा. गवतं, झाडांचे पराग, बुरशी, पिसं, धूळ. पंधरा-वीस मिनिटांनी जिथे टपोरी गांध उठेल, ती वस्तू त्या जनावराला सोसत नाही असं समजायचं. मग तीच वस्तू बाटलीत भरून घरी द्यायची आणि सुईने आधी अगदी किंचित, मग हळूहळू वाढवत, वर्षभर टोचत राहायची. शरीराला तिची सवय लावायची. नव्या सुनेला सासरची लावतात तशी, असं ताई समजावून सांगत आणि मालक हमखास हसत.

टोचायचं काम डॉक्टरांचं, भरलेल्या सिरिंजा क्रमाने हातात देण्याचं ताईंचं. सिरिंजांचे ट्रे दोन, प्रत्येकात चोवीस. पहिल्यात बाहेरच्या वस्तू, दुसऱ्यात घरातल्या. खाचांवर चिकटवलेले आकडे स्पिरिटने पुसून पुसून कधीच गेले होते. डॉक्टर म्हणत, “ताई, नवे आकडे चिकटवून घ्या.” ताई म्हणत, “पाठ आहे मला. झोपेतून उठवून विचारा.” एक नंबरच्या खाचेच्या कोपऱ्याला त्यांनी लाल नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवला होता. तेवढा त्यांना पुरत होता.

आठ महिन्यांपूर्वी फौजदार आला, तेव्हाही तो ठिपका जागेवरच होता.

फौजदार हे कुत्र्याचं नाव. नाव मोठं, लक्षण खोटं. वजनकाट्यालासुद्धा तो भ्यायचा. पंजे चाटून चाटून लाल झालेले, पोटावरचे केस गेलेले. त्याचे मालक घड्याळदुरुस्ती करणारे. साठी उलटलेला एकटा माणूस, सगळा बाजार त्यांना घड्याळजीच म्हणे. त्यांच्या एका हातात फौजदाराचा पट्टा होता आणि दुसऱ्या हातात वेताची टोपली. टोपलीत राखाडी मांजर.

“ही मावशी,” ते म्हणाले. “वाघाची मावशी असते, तर फौजदाराची का नसावी? पिल्लू होता तेव्हापासून हिच्या पोटाशी झोपतो. ही दिसली नाही तर टेबलावर चढायचा नाही.”

तेव्हा टोपली टेबलाजवळच्या स्टुलावर ठेवावी लागली. फौजदार मावशीकडे बघत बघत गुंगला.

पहिला ट्रे नेहमीसारखा झाला. दुसरा ताईंनी फ्रिजमधून काढून टेबलाशी आणला, नेमका तेव्हाच फौजदाराने पाय झाडला. “गुंगी उतरतेय, ताई, लवकर!” डॉक्टर म्हणाले. ताईंनी ट्रे होता तसा ठेवला, गुंगीचं औषध भरून दिलं, डॉक्टरांनी ते सोडलं. कुत्रा पुन्हा शांत झाला. कापसाचा एक बोळा ट्रेच्या कोपऱ्यावर पडला होता. ताईंनी डाव्या हाताची पहिली सिरिंज उचलली. दुसरी. तिसरी. एकोणीस वर्षं त्यांचा हात डावीकडूनच सुरू व्हायचा.

वीस मिनिटांनी डॉक्टर दिवा आडवा धरून वाचायला लागले. “धुळीतल्या किड्यांना काहीच नाही? नवल आहे. बहुतेक कुत्री त्यांचीच निघतात.” मग शेवटच्या दोन ठिपक्यांवर त्यांचं बोट थांबलं. तिथे वाटाण्याएवढ्या दोन गांधी उठल्या होत्या. “तेवीस काय, पिसं ना? आणि चोवीस?”

“चोवीस मांजर,” ताई म्हणाल्या. पाठच होतं त्यांना.

दोघांनीही स्टुलावरच्या टोपलीकडे बघितलं. मावशी पंजा चाटत होती.

फाइलसाठी ताईंनी नेहमीप्रमाणे फोटो काढला. ट्रे ढकलून टेबल पुसलं, मग कापूस गोळा केला, आणि त्या बोळ्याखालून लाल ठिपका वर आला. ट्रेच्या उजव्या हाताला, पलीकडच्या कोपऱ्यात.

ताईंनी ट्रे उचलला. ट्रे उलटा होता? म्हणजे चोवीस समजून दिली ती एक नंबरची? का उलटा नव्हता, आता टेबल पुसताना आपणच फिरवला? फिरवलाच असेल. तसंच झालं असणार. एकोणीस वर्षांत कधी असं झालंय? इतका वेळ विचार केला तो ट्रे हातात धरून. मग त्यांनी तो नळाखाली धरला.

बाहेर डॉक्टर घड्याळजींना समजावत होते. नुसती बाटली पुरणार नाही, मांजर घरात असेपर्यंत गुण यायचा नाही. ताई आल्या तेव्हा घड्याळजी टोपली मांडीवर घेऊन बसले होते. “एकाला खाज, म्हणून दुसरीला वनवास,” ते टोपलीलाच सांगत होते. “आता हिला कोण घेणार? नऊ वर्षांची झाली.”

“मी नेते,” ताई म्हणाल्या.

कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टर चकित झाले, घड्याळजींचे डोळे भरून आले. ताईंचं मन किती मोठं, असं डॉक्टर पुढे महिनाभर सांगत सुटले होते. मन मोठं नव्हतं, घाबरलेलं होतं, आणि हे फक्त ताईंना ठाऊक होतं.

घरी ताईंची म्हातारी आई. “मांजर? या वयात मला केस वेचायला लावतेस?” तिने आठवडाभर तोंड फिरवलं. दुसऱ्या आठवड्यात मावशी तिच्या मांडीवर होती. तिसऱ्या आठवड्यापासून, “अगं हळू बोल, झोपलीय ती,” असं ताईंनाच ऐकावं लागायला लागलं. रोज संध्याकाळी ताई दार उघडत आणि मावशी शेपूट ताठ करून पायात यायची. ताईंना तिचा लळा लागला होता, अगदी सपाटून. आणि तिला कुरवाळताना दर वेळी आपण चोरीचा माल कुरवाळतोय असं वाटायचं.

घड्याळजी महिन्याला एकदा येत. फौजदाराचं वजन करायचं, नवी बाटली न्यायची. आपल्या कामासारखंच त्यांचं सगळं नेटकं. इंजेक्शनची तारीख, वेळ, किती टोचलं, कुठे टोचलं, सगळं एका कागदावर बारीक अक्षरात लिहिलेलं. त्यांनी एकदा सांगितलं होतं, घड्याळ उघडलं की स्क्रू ज्या क्रमाने निघतात त्याच क्रमाने ट्रेमध्ये मांडायचे आणि ट्रेला मध्ये कुणाचा हात लावू द्यायचा नाही. “ट्रे हलला की घड्याळ गेलं म्हणून समजा, ताई.” ताईंनी तेव्हा मान डोलावली होती आणि वजनकाट्याचा आकडा चुकीचा लिहिला होता.

आल्याबरोबर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. “आमची मावशी काय म्हणते?”

“मजेत आहे, काका.”

“तुमचे उपकार आहेत हो.”

आणि तोवर खाली फौजदार ताईंच्या बुटांना हुंगत असायचा. ताई दवाखान्यात कपडे बदलायच्या, बूट मात्र तेच. डावा बूट, उजवा बूट, पुन्हा डावा. मग वर बघून शेपूट हलवायचा आणि दाराकडे जाऊन उभा राहायचा, जणू मागून आणखी कुणी यायचं आहे. खाई त्याला खवखवे म्हणतात. फौजदार खाजवायचा ते निदान सगळ्यांना दिसत होतं.

गुण काही येत नव्हता. पहिल्या ट्रेमधली दोन गवतं बरोबर निघाली होती, ती बाटलीत होतीच. त्यामुळे मधले दोन महिने जरा बरे गेले, डॉक्टरांना धीर आला, ताईंना तर फारच. बघ, उगाच जिवाला घोर लावून घेतलास, असं त्या स्वतःला म्हणाल्या. नंतर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आठव्या महिन्यात फौजदाराच्या गळ्यात प्लास्टिकचा मोठा कर्णा बसला, कारण चाटून चाटून पंजाला जखम झाली होती. वजनकाट्यावर चढताना तो कर्णा भिंतीला आपटला आणि फौजदार बिचारा भिंतीचीच माफी मागितल्यासारखा बसला.

घड्याळजी खिशातून तो कागद काढून उभे राहिले. एका ओळीखाली त्यांनी लाल रेघ मारली होती.

“माझीच चूक आहे, ताई,” ते हळू आवाजात म्हणाले. “इथे बघा. मला ताप होता, सुई दोन दिवस उशिरा टोचली गेली. डॉक्टरांना सांगायचं धाडस होत नव्हतं. तुम्ही मांजर सांभाळताय, ते एवढी मेहनत घेतायत, आणि माझ्या दोन दिवसांनी सगळ्यावर पाणी पडलं. तुम्हीच सांगा त्यांना.”

सत्तरीकडे झुकलेला माणूस हातात कागद घेऊन त्यांच्यापुढे गुन्हेगारासारखा उभा होता.

“दोन दिवसांनी काही होत नाही, काका,” एवढंच त्या म्हणाल्या. ते घड्याळजींना पटलं नाही.

दवाखाना बंद व्हायच्या वेळी ताईंनी कॉम्प्युटरवर फौजदाराची फाइल उघडली. फोटो तिथेच होता. आठ महिने तो तिथेच होता आणि आठ महिने त्यांनी बाकी सगळ्या कुत्र्यांच्या फाइली उघडल्या होत्या. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. फोटो ट्रे ढकलायच्या आधीचा होता. गुलाबी कातडी, निळे ठिपके, दोन गांधी, आणि फोटोच्या कडेला अर्धवट आलेला दुसरा ट्रे. डावा कोपरा कोरा होता. उजव्या कोपऱ्यावर कापसाचा बोळा, आणि बोळ्याच्या कडेने डोकावणारी लाल रंगाची चंद्रकोर.

ताईंनी कागद घेऊन उलटी मोजणी केली, तशी गरज नव्हती तरी. चोवीसच्या जागी एक. तेवीसच्या जागी दोन. एक म्हणजे घरातल्या धुळीतले किडे. दोन म्हणजे साठवलेल्या धान्यातले, कुत्र्याच्या कोरड्या खाण्याच्या पोत्यातही होतात ते. आणि मांजर टोचलं गेलं होतं एक नंबरच्या ठिपक्याला, जिथे डासाएवढीही खूण नव्हती.

सकाळी त्यांनी डॉक्टरांना सगळं सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, फोटो बघितला, पुन्हा चष्मा पुसला.

“धुळीला काही नाही म्हणालो तेव्हाच मी थांबायला हवं होतं,” ते म्हणाले. भला माणूस. मग जरा वेळाने, “असं करू. बाटलीचा गुण येत नाही, म्हणून पुन्हा चाचणी करू असं त्यांना सांगू. आपल्या खर्चाने. ट्रेचं काढायचं काही कारण नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“आणि मावशी?”

“मांजर काय, तुमच्याकडे सुखात आहे. नाहीतरी इतक्या दिवसांनी...” त्यांनी वाक्य सोडून दिलं. “ताई, तुमच्यासाठीच म्हणतोय मी. एकोणीस वर्षांचं नाव आहे.”

खरं सांगायचं तर ताईंना ते ऐकून दोन मिनिटं फार बरं वाटलं. कुत्रा बरा होईल, नाव राहील, संध्याकाळी दार उघडलं की पायात मावशी येईल. कुणाचं काही जात नाही. मग त्यांना ती लाल रेघ आठवली. घड्याळजी मरेपर्यंत ते दोन दिवस उराशी धरून बसले असते.

दुपारी त्या घरी गेल्या आणि माळ्यावरची वेताची टोपली काढली.

“कुठे नेतेस तिला?” आईने विचारलं.

“तिच्या घरी.”

“मग हे कुणाचं आहे?”

मावशीला टोपलीत घालताना ताईंनी तोंड वळवलं.

घड्याळजींचं दुकान म्हणजे एक खिडकी, एक टेबल आणि भिंतभर घड्याळं, त्यातली निम्मी आपापली वेळ दाखवणारी. ते डोळ्याला भिंग लावून बसले होते. टेबलाखाली फौजदार कर्ण्यात तोंड घालून पडला होता. टोपली बघून घड्याळजींचा चेहरा पडला.

“बरं नाही का मावशीला?”

“ती बरी आहे, काका. भिंग काढा. मला बोलायचंय.”

आणि ताई बोलल्या. ट्रे, ठिपका, कापूस, एक आणि चोवीस. घड्याळजींना समजावून सांगावं लागलं नाही. ट्रे म्हटल्यावर त्यांची नजर आपोआप समोरच्या स्वतःच्या ट्रेवर गेली. त्यात एका उघड्या घड्याळाचे स्क्रू ओळीने मांडलेले होते.

“म्हणजे माझे दोन दिवस...”

“त्याचा काही संबंध नाही. तुमची काहीच चूक नव्हती.”

“आणि मावशीचा?”

“तिचाही नाही.”

त्यांनी चिमट्याने एक स्क्रू ओळीत सरळ केला. मग विचारलं, “हे कधी कळलं तुम्हाला?”

“फोटो काल बघितला.” खरंच होतं ते. तेवढ्यावर थांबता आलं असतं. ताईंनी टोपलीची कडी घट्ट धरली. “पण ठिपका त्याच दिवशी दिसला होता. टेबल पुसताना.”

“त्याच दिवशी? म्हणजे मी टोपली तुमच्या हातात दिली तेव्हा तुम्हाला माहीत होतं?”

“शंका होती.”

“आणि मी दर महिन्याला येऊन उपकार उपकार करत होतो.”

“हो.”

“चुकतं हो माणूस,” घड्याळजी म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, चढला असता तर ताईंना बरं वाटलं असतं. “माझ्या हातूनही चुकतं. पण त्या दिवशी तुम्ही बोलला असता तर तासाभराचं काम होतं. तुम्ही मला आठ महिने आभार मानायला लावलेत.”

टेबलाखालून कर्णा आपटल्याचा आवाज आला. फौजदाराला वास लागला होता. तो धडपडत बाहेर आला, टोपलीभोवती फिरला, आणि त्याच्या घशातून असा काही बारीक सूर निघाला, की घड्याळजींनी हातातला चिमटा खाली ठेवला.

“उघडा,” ते म्हणाले.

ताईंनी झाकण उघडलं. मावशीने डोकं बाहेर काढलं. समोर केस गेलेला, औषधाचा वास मारणारा, गळ्यात पांढरं भगदाड घातलेला एक प्राणी तिच्यावर झेपावत होता. तिचे कान मागे गेले, पाठीची कमान झाली, आणि ती अशी फिस्कारली की फौजदार जागच्या जागी बसला. पुन्हा हळूच कर्णा पुढे केला. या वेळी तिने कर्ण्याच्या कडेवर पंजा मारला, टोपलीतून उडी टाकली आणि ताईंच्या पायांमागे जाऊन अंग चोरून बसली.

घड्याळजी खाली वाकले. “मावशी,” त्यांनी हाक मारली. “अगं, मी आहे.”

ती ताईंच्या पायांना आणखी चिकटली.

“होईल सवय,” ताई घाईघाईने म्हणाल्या. “चार दिवस वेगळ्या खोलीत ठेवा, मग थोडं थोडं...” आणि स्वतःचंच बोलणं कानावर पडून थांबल्या. थोडं थोडं, हळूहळू वाढवत. सगळ्या मालकांना त्या हेच सांगत आल्या होत्या.

“नऊ वर्षांची आहे ती,” घड्याळजी म्हणाले. “आधी मी तिला घराबाहेर काढलं. आता तुमचं मन हलकं व्हावं म्हणून तिने पुन्हा घर बदलायचं? न्या तुम्ही तिला.”

“काका, मी तिला परत द्यायला आलेय.”

“कळतंय मला. न्या.”

ताईंनी मावशीला उचलून टोपलीत ठेवलं.

“फौजदाराची चाचणी पुन्हा कधी?” घड्याळजींनी विचारलं. भिंग त्यांनी पुन्हा हातात घेतलं होतं.

“खाजेच्या गोळ्या चार आठवडे बंद ठेवाव्या लागतील. मग सकाळी उपाशीपोटी आणायचा.”

“आणतो. आणि बाई,” ते म्हणाले. ताई नव्हे, बाई. “त्या दिवशी दुसरा ट्रे मी धरणार.”

“हो,” ताई म्हणाल्या.

त्या दाराशी आल्या. फौजदार त्यांच्याआधी तिथे पोचला होता. उंबऱ्यात आडवा होऊन त्याने कर्णा टोपलीला लावला होता, आणि कर्ण्याच्या आतून, वेताच्या फटीला नाक चिकटवून, हुंगत होता. आत मावशी गुरगुरत होती. तरी त्याची शेपूट हलत होती.

“फौजदार, चल इकडे,” घड्याळजींनी आतून हाक मारली.

तो हलला नाही. मग ताईंनीच टोपली उंच धरली, त्याला ओलांडलं आणि रस्त्याला लागल्या.